वरच्या खोलीतलं तोरण

कुरडया उलटवायला चार वाजता गच्चीवर गेले आणि भाडेकरणीच्या उघड्या दारातून मला माझ्याच मुलीचे पाय दिसले. पायांवर हिरवे, तांबडे, मोरपंखी डाग होते. काही सांडलं की काय म्हणून मी वाकून बघितलं, तेवढ्यात स्वप्नालीनं पाय आखडून घेतले आणि डाग फरशीवर तसेच राहिले. मान वर केली. खिडकीत बांगड्यांच्या तुकड्यांचं तोरण टांगलं होतं आणि उतरतं ऊन त्यातून गाळून खाली येत होतं. ते तोरण माझं होतं. "मम्मी, बघ ना, दिपालीताईला त्या पोत्यात काय सापडलं! आत ये ना," स्वप्नाली म्हणाली. दिपाली नुकतीच ड्यूटीवरून आली होती, ओल्या तोंडानंच दारात येऊन म्हणाली, "या ना काकू, बसा." मी म्हटलं, "कुरडया राहिल्यात," आणि उंबऱ्यावरूनच फिरले. कुरडया कधीच्या वाळल्या होत्या. मी त्या उगीच परत परत उलटवत बसले, दोन-चार मोडल्या.

मी जळते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाकीच्या बाया कौतुकाच्या आड लपवतात. मला ते जमत नाही, माझ्या पोटात सरळ दुखतं. आणि दुखतं कुणामुळं, तर दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या एका नर्समुळं. दिपाली शिरूर कासारकडची. आईबाप दरसाल ऊस तोडायला कारखान्यावर जातात. ही शिकली, नर्स झाली आणि इथं अंबाजोगाईत एका खाजगी दवाखान्यात लागली. आम्ही नांदूरघाटचे, जमीनवाले. माझे यजमान शिवशंकरराव, त्यांचं इथं पंपांचं आणि पाइपांचं दुकान आहे, चार पुढाऱ्यांत ऊठबस आहे. गच्चीवरची ती खोली आम्ही तुरीची पोती ठेवायला बांधली होती. दिवाळीत दिपाली ती मागायला आली तेव्हा मीच यांना म्हटलं, गरिबाची पोर आहे, राहू द्या. त्या दिवशी मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं. माळ्यावरच्या जुन्या सामानाचं एक पोतं जिन्यात पडलं होतं. "काकू, हे फेकायचं हाय का? मी घेऊ?" तिनं विचारलं आणि मी हात झटकून म्हटलं, "घे, घे, सगळं घे." इतके महिने ते पोतं तिच्या खाटेखाली होतं आणि आता तिनं ते उघडलं होतं.

तिनं खोलीचं काय केलं ते मी उंबऱ्याबाहेरूनच बघत आले. चुन्यात चिमूटभर नीळ टाकून भिंती हातानंच पोतल्या आणि खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढला, चारही भिंतींना. आमच्या अडगळीतली मोडकी खाट सुंभानं विणून घेतली, वर तिच्या आईची गोधडी. बुरडाकडून एक दुरडी आणली आणि बल्बवर उपडी टांगली, तर संध्याकाळी भिंतीवर जाळी पडायची. औषधाच्या तपकिरी बाटल्या धुऊन त्यांत उसाचे तुरे लावले. उसाला तुरा आला की आमच्याकडं कपाळावर आठी पडते, वजन गेलं म्हणून. हिनं तो खिडकीत मांडला. कोनाड्यात देवाशेजारी आईचा झिजलेला कोयता ठेवला, त्याला हळदीकुंकू. पडदा म्हणून जुनी सुती साडी, इतकी विरलेली की बोट घातलं तर फाटेल. यांतलं काहीच असं नव्हतं की जे माझ्याकडं नव्हतं किंवा मला घेता आलं नसतं. दुरड्या तर आमच्याकडं पाच पडल्यात. मग ती खोली दिपालीची दिसायची आणि माझं घर कुणाचंच का दिसत नव्हतं, हे मला कळत नव्हतं आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हॉलचं काम लातूरच्या इंटिरियरवाल्यानं केलं. तो टॅबवर फोटो दाखवायचा आणि "मॅडम, थीम मॉडर्न ठेवू" म्हणायचा. मी मान हलवायचे. छताला पीओपी, त्यात लपवलेले निळे दिवे, टीव्हीमागं धबधब्याचा उभा कागद, शोकेसमध्ये प्लास्टिकचे गुलाब, पांढरा सोफा. सोफ्यावरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही. बघायला येतात ते "वा वा, काय खर्च केलाय" म्हणतात, चहा पितात, उठतात. बसून राहत नाही कुणी. हे स्वतः जेवण झालं की बाहेर ओट्यावर खुर्ची टाकतात. आणि स्वप्नाली, एकुलती एक, जूनमध्ये शिकायला पुण्याला जाणार, म्हणजे माझ्या हाताशी मोजून तीन महिने, ती कॉलेजातून आली की चप्पल न काढता वर. पुस्तकं वर, चहा वर, हसणं वर. मी खाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लसूण सोलायला बसायचे, तिथं बरा वारा येतो म्हणून. वारा येतो हे खरंच आहे. पण तिथं वरचं बोलणंही ऐकू येतं, आणि एका पावशेर लसणाला मला दीड तास लागायचा.

तोरणाचं सांगते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. नांदूरघाटला आमच्या माडीवर दुपारी मेणबत्ती लावून बसायचे. गावातल्या कासारणीनं फुटक्या बांगड्यांचा डबा दिला होता. तुकडा चिमट्यात धरायचा, ज्योतीवर ठेवायचा, काच आधी काळी पडते, मग लाल, मग एकदम मऊ होते, आणि तेवढ्या एका क्षणात ती वाकवून दुसऱ्या कडीत अडकवायची. क्षण चुकला की तडकते. बोटांच्या टोकांची कातडी गेली होती, ताक प्यायचं भांडं धरता यायचं नाही. चार महिने लागले. मधल्या पदराला मोरपंखी बांगड्या कमी पडल्या तेव्हा मी हातातल्या, धडक्या, नव्या दोन फोडल्या आणि आईला पडले म्हणून सांगितलं. आयुष्यात मी स्वतःच्या मनानं केलेली ती एकच गोष्ट असावी. लग्नात रुखवत मांडलं. थर्माकोलचं देऊळ, सजवलेले नारळ, लोकरीची बदकं, ते सगळं चुलत बहिणीच्या रुखवतातून आणलेलं, तिनं तिच्या नणंदेकडून. त्या सगळ्यांवर आईनं माझ्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. तोरण मी मांडवाच्या खांबाला बांधलं होतं, त्याचीही चिठ्ठी होती. सासरकडच्या मावशी, साखराबाई, रुखवत बघायला आल्या, तोरणापाशी थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "फुटक्या बांगड्या? लग्नघरात? काय अवदसा हाय का काय ही!" आईचा, सत्यभामाबाईंचा, चेहरा उतरला. तिनं स्वतः पुढं होऊन तोरण सोडलं, पदरात गुंडाळलं आणि हसत म्हणाली, "पोरकट हाय अजून." दुसऱ्यांच्या बदकांचं सगळ्यांनी कौतुक केलं. मी मान खाली घालून ते ऐकत उभी होते.

पंचवीस वर्षं ते तोरण या माळ्यावरून त्या माळ्यावर गेलं. मावशी जाऊनही बारा वर्षं झाली. मला कुणी अडवलं नव्हतं. लावावंसं वाटायचं आणि लगेच यांचं काही बरंवाईट झालं तर, असं मनात यायचं, आणि ते मनात आल्याचीच लाज वाटायची. पोत्यात ते मी टाकलं की आपोआप गेलं, खरंच आठवत नाही. आता ते ऊसतोड्याच्या पोरीनं खुंटीला अडकवलं होतं, तिला ना साखराबाई ठाऊक ना अवदसा, आणि त्याचं ऊन माझ्या मुलीच्या पायांवर पडत होतं. हे माझं आहे, मी केलंय, एवढे चार शब्द मी त्या दिवशी बोलले असते तर झालं असतं. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. टाकून का दिलंस, हे स्वप्नालीनं विचारलंच असतं.

मग मी वेड्यासारखी चुरशीला पेटले. पाचांतली एक दुरडी काढली, पुसली आणि हॉलमध्ये मधल्या दिव्याला बांधली. हे दुकानातून आले, वर बघितलं आणि म्हणाले, "काय गं, कोंबड्या झाकायच्यात का?" उसाचे तुरे मागवून शोकेसमध्ये ठेवले, तर एसीच्या वाऱ्यानं त्यांची म्हातारी सगळ्या सोफ्यावर उडाली. गेरूचा पट्टा ओढायला घेतला, पण आमच्या भिंतींना तो चमकणारा रंग, गेरू धरेचना, ओघळ आले. कामाच्या बाईला हाताशी घेऊन ते मी स्वप्नाली यायच्या आत पुसून काढलं. तरी एका कोपऱ्यात तांबूस डाग राहिलाच. तिनं तो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि तशीच वर गेली. बोलली असती तर मी भांडले तरी असते.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी गौर हॉलमध्ये मांडली, कैरीची डाळ केली, पन्हं केलं. गल्लीतल्या बाया आल्या, प्लास्टिकवरच टेकल्या. अर्ध्या तासात शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, "तुमच्या वरच्या पोरीची खोली लई भारी हाय म्हनं, बघून येऊ का?" आणि हातात डाळीच्या वाट्या घेऊन सगळ्याच्या सगळ्या वर गेल्या. मी गौरीपाशी एकटी. पंख्याचा आवाज येत होता. वरून रतनबाईंचा आवाज आला, "अगं बाई, काय तोरण हाय! कुठून आणलंस?" माझा हात पळीवर थांबला. दिपाली काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सगळ्या हसल्या तेवढं ऐकू आलं. खाली आल्यावर रतनबाई मला म्हणाल्या, "पोरीच्या हाताला गुण हाय बघा." मी म्हटलं, "हो, आहे खरी हुशार," आणि त्यांच्या ओटीत हरभरे टाकताना निम्मे खाली सांडले.

चैत्र सरता सरता तिकडं कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली. गावी जाता जाता दिपालीची आई, कौशल्याबाई, दोन दिवस लेकीकडं राहिली. काळीसावळी, वाळलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. मला भेटायला खाली आली आणि हॉलमध्ये दारालगत फरशीवरच बसली. मी म्हटलं, "वर बसा ना सोफ्यावर."

"नगं बाई. काय डागलं-बिगलं तर," ती म्हणाली, मग छताकडं बघत राहिली. "लई मोठं हाय. तुमी कुठं बसता?"

"म्हणजे?"

"न्हाई, तुमची बसायची जागा कोनची?"

मला राग आला. म्हटलं, "सगळंच आमचं आहे, कुठंही बसतो." तिच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. विषय बदलायला मी विचारलं की दिपालीला हे असं घर सजवायला कुणी शिकवलं. ती तोंडाला पदर लावून हसली. "शिकिवतंय कोन? आमी दरसाली नवं घर करतो बाई. कारखाना दील त्या रानात. आमचं मालक बांबू काढूस्तवर मी बसून बघती. इथं बसती, तिथं बसती. वारं कुठून येतंय, चुलीचा धूर कुठं जाईल, लेकरू निजलं तर ऊन कुठं लागंल. जिथं उठावं वाटत न्हाई, तिथं कोपी घालायची. मंग एक आरसा टांगला, दाराम्होरं सडा घातला, की झालं घर. दिपी लहानपणी माझ्यासंगट बसून बघायची." कोपी म्हणजे त्यांची चटयांची झोपडी; घालायला एक दुपार लागते, मोडायला तितकीही नाही. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ही बाई दरसाल घर करते आणि मी एकदाही केलं नाही, मला ते करून मिळालं.

त्याच संध्याकाळी तिसऱ्या पायरीवरून मी दोन पायऱ्या आणखी चढले. दारातून दिसलं. स्वप्नाली खाली बसली होती, डोकं कौशल्याबाईच्या गुडघ्यावर, आणि ती तिच्या केसांत तेल जिरवत होती. त्या घट्ट्यांच्या हातांनी. स्वप्नालीचे डोळे मिटलेले होते. मी तेल लावायला बोलावलं की तिला क्लास असतो. मी तशीच खाली उतरले.

कौशल्याबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिपालीला जिन्यातच गाठलं. म्हटलं, "खोली रिकामी करावी लागेल. तुरीची पोती ठेवायचीत." तूर आम्ही फेब्रुवारीतच विकली होती आणि ते तिला माहीत होतं, पोती गाडीत चढवताना खालचं दार तिनंच धरलं होतं.

"कधी, काकू?" एवढंच तिनं विचारलं.

"होईल तितक्या लवकर."

"आजच करते. दुपारून सुट्टीच हाय मला." माझं काही चुकलं का, असं ती विचारेल म्हणून मी चार वाक्यं तयार ठेवली होती. तिनं विचारलं नाही. वर गेली आणि मी खाली उभं राहून ऐकत राहिले. खिळा निघाल्याचा आवाज, खाट सरकल्याचा आवाज. तासाभरात एक गाठोडं, एक पेटी आणि दुरडी घेऊन ती खाली आली. एवढंच? मी मनात म्हटलं, एवढ्यावर मी जळत होते? तिनं गाठोडं रिक्षात ठेवलं आणि परत माझ्याकडं आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिनं दोन्ही हातांनी पुढं केलं.

"हे तुमचं हाय, काकू."

कागद उघडला. तोरण होतं. वरच्या दोऱ्याला पिवळी पडलेली चिठ्ठी अजून बांधलेली होती, आईच्या अक्षरात: स्वहस्ते केलेले. चि. सौ. कां. सत्यशीला.

"तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवशीच वाचलं. रतनबाईला बी मी तेच सांगितलं, काकूंच्या हातचं हाय म्हून, तर त्यांना गंमत वाटली, हसल्या समद्या." तिनं चिठ्ठी बोटानं सरळ केली. "मला वाटलं, तुमी कवातरी येताल आत, अन् म्हनताल. येते." वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला आणि मी आशीर्वाद द्यायचाही विसरले. रिक्षा वळली तरी मी कागद तसाच धरून उभी होते.

स्वप्नाली चारला आली. नेहमीसारखी तडक वर गेली आणि कुलूप बघून लगेच खाली आली. मी तिसऱ्या पायरीवर बसले होते. पुढ्यात लसूण नव्हता. ती दिपालीशी फोनवर बोलली असणार, कारण तिनं काही विचारलं नाही, हात पुढं केला. "मम्मी, किल्ली." आवाज मोठा नव्हता. मी कमरेची किल्ली काढून दिली आणि तिच्या मागून वर गेले, तोरण पदरात धरून.

खोली मोकळी होती, खाटही तिनं बाहेर गच्चीत भिंतीला टेकवून ठेवली होती. चार भिंतींना गेरूचा पट्टा, खाटेच्या पायांच्या चार खुणा, खिडकीवर एक खुंटी. स्वप्नाली सरळ आत गेली आणि खिडकीखाली, रोजच्या जागी, भिंतीला टेकून बसली. आता तिथं गोधडी नव्हती, माणूस नव्हतं, काही काही नव्हतं, तरी ती तिथं जाऊन बसली. आणि मी, खरं सांगते, त्या उघड्या फरशीवरही जळले. हिला इथं बसावंसं वाटतं आणि माझ्या घरात वाटत नाही. मी उंबऱ्यावर उभी होते. पंचवीस वर्षांनी साखराबाईंचा आवाज कानात नको तितका स्पष्ट होता. यांचं बरंवाईट मनात आलं, त्याची लाजही वाटली. मग मी उंबरा ओलांडला, टाचा उंच केल्या आणि तोरण खुंटीला अडकवलं. काचा एकमेकींवर वाजल्या.

"हे मी केलंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"माहितीय," स्वप्नाली म्हणाली. "चिठ्ठी मी पण वाचली होती. म्हणून तर रोज म्हणत होते, आत ये." तिचे डोळे भरले होते, पण ती माझ्यावर चिडलेली होती, ते तिनं लपवलं नाही. "तिला घालवायचं कशाला होतं? आधी विचारलं असतंस तर गेरू ओढायलासुद्धा तिनं तुला शिकवलं असतं."

ऊन खाली उतरलं होतं. तांबडे, हिरवे, मोरपंखी तुकडे फरशीवर आले, तिच्या पायांवर चढले. उद्या दिपालीकडं जावं लागणार होतं, माफी मागायला, आणि ती हो म्हणेलच असं नव्हतं. जून तसाच येणार होता. मला बसायचं होतं. पण कुठं, ते कळेना. माझ्याच घरात, माझ्याच मुलीला मी विचारलं, "मी कुठं बसू?"

स्वप्नालीनं नाक पुसलं, खोलीभर नजर फिरवली, आणि थोडी सरकली.

"बसून बघ," ती म्हणाली.